स्वप्नात सील आला, कार्डात सेल्की निघाली, आता अर्थ कसा लावायचा

दादर-पार्ल्यात आजकाल ओरॅकल कार्डवाल्यांना, म्हणजे चित्रांची कार्डं काढून त्यातून अर्थ सांगणाऱ्यांना, तोटा नाही, आणि त्या सेल्टिक (आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या जुन्या परंपरेच्या) ॲनिमल टाइपच्या डेकमधून सील या समुद्री प्राण्याचं कार्ड निघालं की समोरून ठरलेलं उत्तर येतं, तुमच्या भावना वर येतायत, इंट्युशनचं ऐका, जरा खेळकर व्हा. हे उत्तर डॉल्फिनलाही चालतं, कासवालाही चालतं आणि आमच्या बिल्डिंगमधल्या बोक्यालाही चालतं. मग सीलच का निघाला, याचं काय? म्हणून हे लिहायला घेतलं. ज्यांच्या स्वप्नात सील येतो, ज्यांना कार्ड निघालंय, ज्यांना टॅटू काढायचाय किंवा नुसतीच सेल्कीची, म्हणजे कातडं काढून ठेवलं की माणूस होणाऱ्या गोष्टीतल्या सीलची, आवड आहे अशा सगळ्यांसाठी. माझं म्हणणं एवढंच आहे की सीलचा अर्थ प्राण्यांच्या अर्थांच्या तयार यादीत शोधू नका, गोष्टीत शोधा, आणि गोष्टीत शोधायचं तर त्या कातड्याचं काय झालं तिकडे लक्ष ठेवा. ते कसं करायचं ते सांगते.

आधी बघा की तो सीलच होता का. हसू नका, निम्म्या लोकांचा इथेच घोळ होतो. दुबई-सिंगापूरच्या शोमध्ये नाकावर बॉल नाचवणारा, पुढच्या पायांवर तुरुतुरु चालणारा आणि डोक्याच्या बाजूला छोटे कान दिसणारा तो सी लायन. खऱ्या सीलला बाहेर कानच दिसत नाहीत, फक्त भोक असतं, आणि जमिनीवर तो पोटावर सरपटतो, चालत नाही. आयर्लंड-स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर सी लायन नसतात, त्यामुळे बॉलवाला आला असेल तर तुमचं स्वप्न सुट्टीच्या आठवणीतून आलंय, सेल्टिक वगैरे काही नाही. आणि हो, आपल्या समुद्रात सील नाहीत. मरीन ड्राइव्हला किंवा वरळीला लांब पाण्यात काळी पाठ वर-खाली होताना दिसली तर तो डॉल्फिन, त्यात आनंद माना, पण संकेत म्हणून सेल्की शोधत बसू नका.

मग प्राणी नीट समजून घ्या, कारण लोककथेतलं जवळजवळ सगळं त्या प्राण्याच्या वागण्यातूनच आलंय. तिकडे आयर्लंड-स्कॉटलंडला दोन जाती, ग्रे सील आणि कॉमन सील. ग्रे सील मोठा, नर ३०० किलोपर्यंत जातो, आणि जगातल्या ग्रे सीलपैकी जवळपास ४० टक्के ब्रिटनच्या आसपासच आहेत, म्हणजे तिथल्या कोळ्याला सील म्हणजे रोजचं दर्शन. हा प्राणी पाण्यात उभ्या उभ्या झोपतो, फक्त डोकं बाहेर, नाक वर. आता विचार करा, संध्याकाळी धुक्यात होडीतून येताय आणि पन्नास फुटांवर एक गोल डोकं पाण्यात शांत उभं आहे आणि तुमच्याकडे टक लावून बघतंय, माणूसच वाटणार ना. त्याच्या डोळ्यातलं पाणी नाकात उतरायची नळी त्याला नसते त्यामुळे अश्रू सरळ गालावरून खाली ओघळतात, खडकावर पडलेला सील सारखा रडतोय असं वाटतं. पिल्लाचा आवाज तान्ह्या बाळाच्या रडण्यासारखा. ग्रे सीलचं पिल्लू पांढऱ्या लोकरीत जन्मतं आणि साधारण तीन आठवड्यांत ती लोकर झडून खालून नवी कातडी निघते, मोठे सीलसुद्धा दरवर्षी केस टाकतात. कात टाकणारा, रडणारा, माणसासारखा उभा राहणारा, श्वास हवेतला आणि पोट समुद्रावर. आता या प्राण्यावर गोष्ट रचायला कुणाला कवी व्हायची गरजच काय होती?

आता नकाशा. हे जरा किचकट आहे पण सोडू नका, कारण सेल्टिक सेल्टिक म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं अर्धवट सेल्टिक आहे. सेल्की हे नाव आणि सगळ्यात गाजलेल्या गोष्टी येतात ऑर्कनी आणि शेटलंड या बेटांवरून, स्कॉटलंडच्या उत्तरेला. ही बेटं १४६८-६९ पर्यंत नॉर्वेच्या राजाकडे होती, मुलीच्या हुंड्यापोटी गहाण ठेवली आणि स्कॉटलंडकडे गेली ती गेलीच. म्हणजे तिथली सेल्की अर्धी नॉर्स, नॉर्वेकडची. खरी गेलिक, म्हणजे तिथली सेल्टिक भाषा बोलणाऱ्यांची, बाजू बघायची तर स्कॉटलंडच्या पश्चिमेची हेब्रिडीज बेटं आणि आयर्लंडचा पश्चिम किनारा. तिथे सील म्हणजे थेट नातेवाईक. नॉर्थ युइस्ट बेटावरचं मॅककॉड्रम घराणं सीलांचं मॅककॉड्रम म्हणूनच ओळखलं जायचं, अठराव्या शतकातला गेलिक कवी इअन मॅककॉड्रम याच घराण्यातला. आयर्लंडात कोनेमाराच्या कॉनीली घराण्याबद्दलही तेच सांगतात, पूर्वज सील, म्हणून सीलला हात लावायचा नाही. आपल्याकडे देवकाचं झाड तोडत नाहीत, ज्या प्राण्याचं देवक आहे त्याला मारत नाहीत, अगदी तीच भावना. हेब्रिडीजमध्ये अजून एक समजूत, सील म्हणजे लॉखलनच्या राजाची शापित मुलं, लॉखलन म्हणजे समुद्रापलीकडचा उत्तरेचा मुलूख. काही ठिकाणी म्हणतात स्वर्गातून पडलेले देवदूत, जमिनीवर पडले त्यांच्या परी झाल्या आणि समुद्रात पडले ते सील झाले. काही म्हणतात बुडून मेलेली माणसं.

यात ड्रुइड, म्हणजे प्राचीन सेल्ट लोकांचे पुरोहित, कुठे आले? कुठेच नाही. प्राचीन ड्रुइड सीलची पूजा करायचे, सील हा त्यांचा टोटेम, म्हणजे देवक, होता असं कुणी ठासून सांगितलं तर मान हलवा आणि पुढे चला. ड्रुइडांनी स्वतः काही लिहून ठेवलेलं नाही, आणि सीलच्या या गोष्टी बहुतेक सगळ्या अठराव्या-एकोणिसाव्या-विसाव्या शतकात कोळ्यांच्या, म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून लिहून घेतलेल्या आहेत. सेल्टिक झोडियाक विकणाऱ्यांचं ते तेरा झाडांच्या महिन्यांचं कॅलेंडरही १९४८ मध्ये एका इंग्रज कवीने छापलेल्या पुस्तकातून आलंय. मला याचा राग नाही, लोकांना कार्ड आवडतात तर काढू द्या, पण कोळ्याच्या गोष्टीला ड्रुइडाचं लेबल लावलं की गोष्टीतला माणूसच गायब होतो आणि ते मला नाही पटत.

आता मुख्य गोष्ट. ही एक तरी पूर्ण वाचल्याशिवाय अर्थ लावायला बसू नका. ऑर्कनीमधली, वॉल्टर ट्रेल डेनिसन नावाच्या तिथल्याच शेतकऱ्याने एकोणिसाव्या शतकात लिहून ठेवलेली. वास्टनेसचा एक खातापिता शेतकरी, लग्नाच्या नावाने नाक मुरडणारा. एके दिवशी ओहोटीला खडकावर सेल्की उन्हात पडलेल्या, काही पाण्यात खेळतायत, सगळ्यांची कातडी बाजूला काढून ठेवलेली. हा धावत गेला, बाकीच्या कातडी उचलून पाण्यात पळाल्या, एकीचं कातडं याच्या हाताला लागलं. तो घरी निघाला तर मागून रडत रडत ती, माझं परत दे, त्याशिवाय मला समुद्रात राहता येणार नाही. याने दिलं नाही. लग्न झालं, सात मुलं झाली, चार मुलगे तीन मुली, ती घर नीट सांभाळायची, हसायची, पण नजर समुद्राकडे, आणि नवरा बाहेर गेला की घरभर शोधाशोध. वर्षं गेली. एकदा नवरा आणि मोठे तीन मुलगे मासेमारीला, बाकीची तीन मुलं किनाऱ्यावर शिंपले वेचायला, धाकटीचा पाय दुखत होता म्हणून ती घरी. आई शोधतेय बघून पोर विचारते, काय शोधतेस, आणि सहज सांगून टाकते की बाबांनी एक चकचकीत कातडं पलंगाच्या वर छपराच्या खाली ठेवलंय, मी झोपलेय असं समजून ते एकदा काढून बघत होते. झालं. आई उठली, कातडं काढलं, पोरीला निरोप दिला आणि किनाऱ्याकडे धावत सुटली. नवरा होडीतून परत येत होता, त्याने बघितलं. ती पाण्यातून ओरडून सांगते, तू वागायला चांगला होतास, तू मला आवडायचास, पण माझा समुद्रातला नवरा मला जास्त प्रिय आहे. म्हणजे तिचं आधीच लग्न झालेलं होतं! हे सगळ्या रोमँटिक पोस्टमध्ये सोयीस्कर गाळतात.

आपल्याला हे नवीन नाही. उर्वशी आणि पुरुरवा आठवा, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात त्यांचा संवाद आहे, दुसऱ्या जगातली बाई, अट, अट मोडते, ती जाते, तो रडत मागे. फरक बघा पण. उर्वशीने अट स्वतः घातली होती. सेल्कीला कुणी विचारलंच नाही. त्यामुळे सीलचं कार्ड निघालं की लगेच सोलमेट, ट्विन फ्लेम असलं काही काढू नका, आणि लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला सेल्कीचं पेंडंट देणाऱ्यांनी तर गोष्ट दोनदा वाचावी, ते पेंडंट म्हणजे कबुलीजबाब आहे.

तर अर्थ लावताना स्वतःला विचारायचं ते हे. कातडं कुणाकडे आहे? म्हणजे तुमची अशी कुठली गोष्ट आहे जी अंगावर असली की तुम्ही तुमच्या पाण्यात, आणि ती आज कुठे आहे. कुणी काढून घेतली, की तुम्हीच खडकावर ठेवून विसरलात? लपवून ठेवलीय ती जागा कुठली, कारण गोष्टींमध्ये ती बहुतेक घरात नाहीतर घराच्या आसपासच असते, छपरात, पेटीत, माळ्यावर. आणि कुणी सांगितलं? बऱ्याच आवृत्त्यांत पोरच सांगतं, निरागसपणे, काय सांगतोय हे न कळता. हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात आणि मला तोच सगळ्यात कामाचा वाटतो. समजा ठाण्यातली एखादी बाई आहे, लग्नाआधी गाणं शिकायची, तानपुरा आता माळ्यावर, कुणी बंदी घातली नाही पण राहून गेलं, आणि तिला स्वप्नात सील दिसला. यादीवाले म्हणतील भावना. मी म्हणेन गेल्या महिन्याभरात मुलाने किंवा भाचीने सहज काय विचारलं ते आठव, हा मोठा डबा कसला गं, असं काहीतरी. स्वप्न बहुतेक तिथून सुरू झालंय. आणि याचा अर्थ घर सोडून जा असा नाही हं, गोष्टीतली बाई गेली कारण ती त्या घरात स्वतःहून आलेलीच नव्हती, तुमचं तसं आहे का हे तुम्हालाच ठाऊक.

सीलच्या सगळ्या गोष्टी कातडीचोरीच्या नाहीत, म्हणून स्वप्नात नक्की काय दिसलं ते सकाळी उठल्या उठल्या, फोन उघडायच्या आधी लिहून ठेवा. जखमी सील दिसला असेल तर वेगळी गोष्ट लागू होते. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला जॉन ओ'ग्रोट्सजवळचा एक सीलचा शिकारी, त्याने एका मोठ्या सीलला सुरा मारला, सील सुऱ्यासकट निसटला. संध्याकाळी दारात घोडेस्वार, म्हणे मोठं गिऱ्हाईक आहे, खूप कातडी हवीत, चल. कड्याच्या टोकावर नेलं आणि त्याला धरून सरळ समुद्रात उडी. खाली सीलांचा महाल, सगळे दुःखात, आणि बिछान्यावर त्या घोडेस्वाराचा बाप, अंगावर जखम. समोर सुरा आणून दाखवतात, हा तुझाच ना? मग त्यालाच सांगतात, जखम बंद कर, कारण ज्या हाताने झाली त्याच हाताने ती भरेल. तो हात ठेवतो, जखम भरते. पुन्हा कधी सील मारणार नाही अशी शपथ घेऊन त्याला घरी पोचवतात, वर सोनं देतात, बुडालेल्या धंद्याची भरपाई म्हणून. इथे कातड्याचा प्रश्न उलटा होतो, कातडं काढणारे तुम्ही. कुणाशी बोलायचं टाळताय, कुणाची माफी बाकी आहे, असं बघा.

ही अपराधी भावना हवेतून आलेली नाही. त्या किनाऱ्यांवर सील मारायचे ते दिव्याच्या तेलासाठी आणि कातड्यासाठी, गरिबीत पर्याय नव्हता, आणि मारताना तो डोळ्यात पाणी आणून बघायचा. १९१४ मध्ये ब्रिटनने ग्रे सीलसाठी कायदा करून पिल्लांच्या सीझनमधली शिकार बंद केली तेव्हा कुठे जरा कमी झालं. ज्या प्राण्यावर पोट आहे त्यालाच नातेवाईक मानायचं, हा पेच आपल्या कोळीवाड्यात कुणालाही विचारा, दर्याला नारळ द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी जाळं टाकायचं, त्यांना समजावून सांगावं लागणार नाही.

फेरो बेटांवरची गोष्ट याहून भयानक. सेल्टिक नाही, नॉर्सच, पण तुम्ही सेल्की सर्च केलंत की तो पुतळा दिसणारच म्हणून सांगते. काल्सॉय बेटावर मिकलादालूर गावात २०१४ मध्ये सीलबाईचा पुतळा उभा केला, २.६ मीटर उंच, लाटांच्या अगदी तोंडाशी. तिथे नवरा कातड्याच्या पेटीची किल्ली कमरेला लावून फिरायचा, एक दिवस विसरला. ती जाताना चूल विझवून आणि सुऱ्या लपवून गेली, मागे पोरांना काही होऊ नये म्हणून. पुढे गावातले लोक गुहेत शिकारीला निघाले तेव्हा ती नवऱ्याच्या स्वप्नात येऊन सांगते, तिथला मोठा नर माझा नवरा आहे आणि दोन पिल्लं माझी, त्यांना सोड. त्यांनी मारलं, शिजवलंही. मग तिचा शाप, गावातली माणसं बुडतील, कड्यावरून पडतील, मेलेल्यांची संख्या एवढी होईपर्यंत की हातात हात घालून सगळ्या बेटाला वेढा पडेल. म्हणून सील म्हणजे फक्त मायाळू, हळवा, पाण्यातली मैत्रीण असं धरून चालू नका, रागावलेला सील दिसला तर तो रागच आहे.

पुरुष सेल्की थोडक्यात. दिसायला देखणा, बायकांना भुरळ घालणारा. ऑर्कनीत म्हणायचे की बाईला तो हवा असेल तर तिने भरतीच्या वेळी समुद्रात सात अश्रू टाकायचे. सूल स्केरी नावाच्या खडकावरच्या सेल्कीचं एक जुनं गाणं १८५० च्या दशकात शेटलंडमध्ये एका वृद्ध बाईकडून लिहून घेतलंय, त्यात तो मुलाला न्यायला येतो, सोनं ठेवतो आणि मुलाच्या आईला सांगून जातो की तू एका बंदूकवाल्याशी लग्न करशील आणि तो पहिल्याच गोळीत मला आणि मुलाला मारेल. प्रेमाचं गाणं म्हणून ऐकायला सुरुवात करतो आपण आणि शेवटी गार पडतो.

ध्यानबिन करायचं असेल तर समुद्राजवळ बसणं बरं, कारण हे सगळं ओहोटी-भरतीच्या मधल्या पट्ट्यात घडतं. पण सात अश्रूंच्या नादात बँडस्टँडच्या खडकांवर भरतीत उतरू नका, पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वर भरती जाते त्या दिवसांची यादी महापालिका दरवर्षी काढते, ती बघा आणि त्या दिवशी कट्ट्यावरच थांबा. दादर चौपाटी सकाळी लवकर, ओहोटीला, चांगली. मोबाइल बॅगेत. लिहिलेलं स्वप्न एकदा वाचा, कातड्याचे प्रश्न विचारा, उत्तर आलं तर लिहा, नाही आलं तर वडापाव खाऊन घरी जा, जबरदस्तीने अर्थ काढला की तो यादीतलाच निघतो.

अजून गोष्टी हव्या असतील तर कार्डच्या सोबतच्या पुस्तिकेवर समाधान मानू नका. आयर्लंडमध्ये १९३७ ते १९३९ दरम्यान शाळेतल्या पोरांना आजी-आजोबांकडून गोष्टी लिहून आणायला सांगितलं होतं, तो सगळा खजिना डूखास नावाच्या साइटवर फुकट आहे, सील टाकून शोधा, पोरांच्या अक्षरातल्या वह्या दिसतात. स्कॉटलंडसाठी टोबर अन दुअलखस ही साइट, तिथे जुनी रेकॉर्डिंग ऐकता येतात, गेलिक कळलं नाही तरी आवाज ऐका. एकच गोष्ट दोन-तीन गावांतली वाचली की कळतं कुठे कातडं आहे आणि कुठे त्याच्या जागी झगा किंवा आयरिश जलपरीची जादूची लाल टोपी आहे.

टॅटूचं विचारतात म्हणून, सेल्टिक गाठींमध्ये गुंडाळलेला सील हे प्राचीन डिझाइन नाही, आजच्या कलाकाराचं आहे, आवडला तर जरूर काढा पण हजारो वर्षं जुनं म्हणून जास्तीचे पैसे देऊ नका.

आणि मुलांना रात्री ही गोष्ट सांगणार असाल तर वास्टनेसवालीच सांगा, फेरोची नको, निदान दहा वर्षांचं होईपर्यंत तरी. पोरं एकच प्रश्न विचारतात, आई परत येते का. स्कॉटलंडच्या काही आवृत्त्यांत येते, किनाऱ्याजवळ येऊन पोरांसाठी मासे टाकून जाते, तेवढं सांगितलं तरी त्यांचं समाधान होतं. फक्त बाबा बिचारे एकटे राहिले असं म्हणत शेवट करू नका, कातडं त्यांनीच चोरलं होतं.